हे हात कुणाचे?

६ जानेवारी, सोमवार

आज ओमकार बेळगावच्या खडेबाजारातल्या माझ्या स्टुडिओचा जिना दणदण चढून आला. टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला आणि म्हणाला, "ह्यातले फोटो बघ आन् मी खुळा न्हाय एवढं सांग." मी बघितले आणि तू खुळाच आहेस असं सांगितलं. बिचारा खुर्चीत बसूनच राहिला.

त्याचा हा पहिला सिनेमा, 'निखाऱ्याखाली'. निपाणीतली विड्या वळणारी एक बाई एक दिवस नाहीशी होते. ती कुठे गेली ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच बोलत नाही. गोष्ट चांगली आहे. फोटो मात्र भयानक. नायिका डोळे वटारून उभी, मागे धूर, हातात कात्री, कात्रीला रक्त. मी म्हटलं, सगळं पोस्टरवरच सांगून टाकलंस तर माणूस तिकीट कशाला काढेल? पोस्टरनं दार किंचित उघडं ठेवायचं असतं. आत काय आहे ते बघायला माणसानं आपल्या पायांनी यायला हवं.

मग मला एकदम सुचलं. चेहरा नाहीच. काळोख, आणि खाली फक्त विडी वळणारे दोन हात. सिनेमाचं नाव नाही, तारीख नाही, नटनट्या नाहीत. महिनाभर लोकांना नुसतं झुलवायचं. नाव नंतर. ओमकार उठून येरझाऱ्या घालायला लागला. आवडलं की तो बसू शकत नाही.

अडचण एकच. नायिकेचे हात बघितले तर पार्लरमधून आत्ताच आल्यासारखे. नखांवर चमचम. संध्याकाळी कॅम्पात घरी आल्यावर घरमालकिणीकडे स्वयंपाक करणाऱ्या मंगलाक्काला तो फोटो दाखवला. ती ओट्याला टेकून इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला.

"ताई, ह्या बाईनं विडी न्हाय, राखी धरलीया."

८ जानेवारी, बुधवार

मला हात सापडले आहेत. रोज माझ्या ताटात भाकरी वाढत होते आणि मला दिसले नाहीत. मी म्हणे चित्रकार!

मंगलाक्का माधवीबाईंकडे स्वयंपाक करते आणि मागच्या खोलीत राहते. माधवीबाई निवृत्त शिक्षिका, घरमालकीण. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू. आक्का एका पिशवीनिशी आली त्याला तीन वर्षं झाली. त्याआधी निपाणीत विड्या वळायची, एवढंच आम्हाला माहीत. मीही मूळची निपाणीची, म्हणून सुरुवातीला ती माझ्यासमोर यायचीसुद्धा नाही. हळूहळू निवळली.

आज हातांबद्दल विचारलं तर चटकन नाही म्हणाली. मी गळ घातली. तेव्हा पहिल्यांदाच जरा बोलली. तिला नवरा आहे. "आमचं त्ये," एवढंच म्हणते. मी नाव विचारलं तर पाटावर बसल्या बसल्या लाजली.

"नाव कसं घिऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुन्यांदा तोंडातनं काढलं न्हाय."

"अगं, सोडून आलीस तरी?"

"सोडलं म्हणून नवरा बदलतोय व्हय?" मग भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "त्यास्नी मी कुठं हाय त्ये कळलं, तर मी न्हाय ऱ्हायची, ताई. म्हणून सांगते, माजं काय बी कुठं लावू नगा."

पण मी तिला समजावलं की चेहरा दिसणारच नाही. चेहऱ्याशिवाय माणूस कोण ओळखतं? ती बराच वेळ आपल्याच हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "पान मिळंल का खरं? हात शिवशिवत्यात गं." म्हणजे तिलाही हवं होतंच की.

१० जानेवारी, शुक्रवार

अण्णांनी निपाणीहून एसटीनं पानं, तंबाखू, दोरा आणि एक जुनं सूप पाठवलं. वडील असावेत तर असे. कशाला हवंय म्हणून विचारलंसुद्धा नाही. मागच्या पडवीत सकाळच्या उन्हात आक्काला बसवलं. मांडीवर सूप आल्यावर ती वेगळीच बाई झाली. पाठ ताठ, नजर कुठेतरी लांब, आणि बोटं आपली आपण चाललेली. पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, टोक दुमडलं, दोरा बांधला. मी फोटो काढायचे विसरून बघत बसले.

आणि ती करंगळी! डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरातून वाकडी आहे. वळताना बाकीची बोटं आत मिटतात आणि ती एकटी बाहेर उभी राहते. सगळ्या चित्राचा जीव त्या करंगळीत आहे. मी विचारलं, हे काय झालं?

"दारात सापडली."

"कुणाच्या दारात?"

"आमच्याच." आणि पुढचं पान उचललं.

आक्काच्या अटी तीन. तोंड नको. मनगटावरचं तुळशीचं गोंदण पुसायचं. करंगळी सरळ करायची. मी सगळ्याला हो म्हटलं. उठताना तिनं विचारलं, "निपाणीत लावणार न्हाय न्हवं?" मी म्हटलं, ते ओमकार ठरवेल. खोटं नाही ते. पण निपाणीचा सिनेमा निपाणीत लावणार नाही तर काय काश्मिरात लावणार? हे मी बोलले नाही.

१३ जानेवारी

गोंदण पुसलं. मनगटावरचा भाजल्याचा डाग पुसला. करंगळी सरळ केली आणि चित्र मेलं. नुसते हात. कुणाचेही. विडी ओढणं वाईट म्हणून सरकार पत्रकं काढतं ना, त्यावर शोभतील असे. चार वेळा रंगवून बघितलं. डोकं उठलंय.

१४ जानेवारी, संक्रांत

माधवीबाईंनी तिळगूळ दिला, आक्कानं दिला, मीही गोड गोड बोलले. मग वर जाऊन करंगळी परत वाकडी केली.

मला वाईट वाटतंय का? वाटतंय थोडं. पण गोंदण तर काढलंय ना. डागही काढलाय. जगात वाकड्या करंगळ्या काय थोड्या असतील? आणि आता ते चित्र बघवत नाही इतकं चांगलं झालंय. काळ्यातून वर येणारे हात, मुठीत विडी, आणि ती एक करंगळी कुणालातरी खूण केल्यासारखी. ओमकारला पाठवलं. लगेच त्याचा फोन आला, येरझाऱ्या घालतच बोलत होता. शब्द काय हवेत म्हणाला. मी तिथल्या तिथे सांगितलं: 'हे हात कुणाचे?' बस. बाकी काही नाही.

आक्काला दाखवलं नाही. छापून आल्यावर दाखवीन. छापील बघितलं की तिलाही पटेल.

२१ जानेवारी, मंगळवार

छापून आलं. काळा रंग असा खोल उतरलाय की हात घालावा. खालच्या कोपऱ्यात माझी सही, आणि बारीक अक्षरात 'खडेबाजार, बेळगाव'. ओमकार म्हणाला, सही कशाला, गूढ राहू दे की. मी म्हटलं, गूढ तुझं, सही माझी. इतकी वर्षं लग्नाचे फ्लेक्स आणि वाढदिवसाचे बॅनर केले, त्यावर कधी सही केली नाही. ह्यावर करणार.

मष्णूमामा पोस्टरं लावणार. उभ्या आयुष्यात त्यांनी हेच केलंय. एवढ्यातेवढ्या पोस्टरकडे ते मान वर करून बघतही नाहीत. आज खळीचा डबा खाली ठेवून बघत राहिले. "ह्ये हात बघून अंगावर काटा येतोय, बाई," म्हणाले. मूठभर मांस चढलं माझ्या अंगावर. निपाणीपासून सुरुवात, मग हायवेनं संकेश्वर, हत्तरगी, काकती, शेवटी बेळगाव.

२५ जानेवारी

अण्णांचा निपाणीहून फोन. त्यांच्या दुकानासमोरच्या भिंतीवर लागलंय. "लोक थांबून बघत्यात गं. बायका तर लईच. विड्याच्या कारखान्यातनं सुटल्या की घोळका करून उभ्या ऱ्हात्यात."

"काय म्हणतात?"

"काय म्हणत न्हाईत. बघत्यात आन् जात्यात." मग विचारलं, "त्रिशला, हात कुणाचं हायत?"

"पोस्टरवर हेच विचारलंय ना, अण्णा!" मी हसून सोडून दिलं. ते नाही हसले. त्यांना चित्रातलं कळत नाही, पण माणसं थांबतात हे कळतं ना, पुरे.

२७ जानेवारी, सोमवार

बेळगावात लागलं. आक्का भाजी आणायला गेली होती, रिकामी पिशवी घेऊन परत आली. मी वाटच बघत होते. विचारलं, बघितलंस? ती पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभी होती, पाणी पीत नव्हती.

"लई चांगलं झालंय," म्हणाली.

"करंगळी तशीच ठेवली गं. सरळ केली तर..."

"दिसलं."

बस, एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून डावा हात पदराखाली. भाकरी वाढताना उजव्या हातानं वाढते. बाजारात जाणार नाही म्हणाली, गुडघा दुखतोय. गुडघाबिडघा काही नाही, रुसली आहे. मी साडी आणून देणार आहे. प्रदर्शनाच्या दिवशी तिला पहिल्या रांगेत बसवणार आहे. मग बघू कशी रुसते.

रात्री मागचं दार तिनं दोनदा तपासलं म्हणून माधवीबाई कुरकुरत होत्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

काय मज्जा! निपाणीत बसस्टँडवरच्या पोस्टरवर कुणीतरी उत्तर लिहिलंय. 'हे हात कुणाचे?' आणि खाली जाड काळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात: 'माझ्या बायकोचे.'

ओमकारनं फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. कुणी लिहितंय माझ्या सासूचे, कुणी लिहितंय माझ्या आजीचे, शपथ. ओमकार तर हवेतच आहे. पोस्टरशी लोक बोलायला लागले म्हणजे सिनेमा निम्मा चालला, असं त्याचं म्हणणं. मला ती मूळची अक्षरंच जास्त आवडली. कुठल्या ब्रशनं लिहिली असतील? अण्णांना विचारलं तर म्हणाले, "तंबाखूच्या पोत्यावर मार्का मारायची शाई हाय ती." आणि लगेच म्हणाले, "ती पोस्टरं काढून घ्या म्हणावं का तुझ्या त्या ओमकारला?" अण्णांचं वय झालं.

आक्काला दाखवायला गेले. तिला झोप लागली होती. संध्याकाळी सहाला?

४ फेब्रुवारी, मंगळवार

मष्णूमामांचा फोन. संकेश्वरलाही लिहिलंय. तेच अक्षर. काल हत्तरगीला. आज सकाळी काकतीला.

"ह्यो बाबा आमच्या मागनंच येतोय की वो. संकेश्वरात हॉटेलवाल्याला इचारत हुता म्हणं, ह्ये कुठनं छापून येतंय."

"चाहता असेल, मामा."

"असंल," म्हणाले, "खरं डोळं चांगलं न्हाईत म्हणाला हॉटेलवाला."

मी ओमकारला म्हटलं, बघ, आपल्या पोस्टरला भक्त मिळालाय, हायवेनं पायी वारी केल्यासारखा गावोगाव सही करत येतोय. दोघंही हसलो. पण सांगायला हरकत नाही, फोन ठेवल्यावर मी जिन्याचं दार लावून घेतलं. उगीचच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आमचा भक्त प्रत्यक्ष प्रकटला की काय असं वाटलं, पण तो नव्हता. कुणी व्यापारी होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चप्पल दाराबाहेर काढून आत आला. भिंतीवर पोस्टर होतं त्यासमोर हात जोडून उभा राहिला, देवळात राहतात तसा.

"भाळ चलो ऐत्री," म्हणाला, म्हणजे फार छान आहे, आणि मी कानडी जाणते हे बघून खूश झाला. मग मराठीतच बोलला. मऊ आवाज. शब्द तोलून. नाव रायाप्पा. पापडाचा धंदा सुरू करतोय, पुड्यावर बाईचे हात हवेत. हेच हात हवेत. बाईला चांगली बिदागी देणार.

"हात खरं हायत का चित्रातलं?"

"खरे आहेत," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? चित्रकाराची शोभा त्यातच आहे.

तो पोस्टरजवळ गेला आणि करंगळीवर आपलं बोट ठेवलं. अगदी हळू. "ह्ये लई बेस काढलासा. दारात बोट सापडलं की असंच बसतंय. सरळ हुईत न्हाय परत." मी म्हटलं, मी ती सरळ करणार होते, पण चित्र मरत होतं. तो माझ्याकडे बघून छान हसला. "न्हाय केलासा त्ये लई चांगलं केलासा."

इतकं नेमकं दाद देणारा माणूस मला आजवर भेटला नाही. आर्ट स्कूलमधल्या सरांनीही कधी असं बोट ठेवलं नव्हतं.

पत्ता विचारला त्यानं. मी दिला नाही. मी काय दुधखुळी आहे? आक्काला शब्द दिलाय. मी म्हटलं, बाईंना मी विचारते, तुमचा नंबर द्या. तो म्हणाला, नंबर कशाला, मीच येतो परत, मला घाई न्हाय. निघताना विचारलं, "तुमी रोज कितीला बंद करता?" सहाला म्हटलं. आज सहालाच बंद केलं, स्कूटरवर थेट घरी. आक्काला चांगली बातमी द्यायची होती, पण तिनं लवकर दार लावून घेतलं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी फाटकासमोर एक पांढरा टेंपो आडवा लावलेला. स्कूटर काढता येईना. आत कुणी नाही. ताडपत्रीखालून तंबाखूचा वास येत होता, एकदम निपाणीची आठवण झाली, म्हणून टेंपोवाल्याला मनातल्या मनात माफ केलं.

जायच्या आधी आक्काला पापडवाल्याचं सांगितलं. कौतुकानं सांगितलं, रंगवून सांगितलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

"नाव काय सांगितलं?"

"रायाप्पा."

भाकरी तव्यावर तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा मीच पुढे होऊन गॅस बंद केला.

"पत्ता दिलासा?"

"छे! शब्द म्हणजे शब्द."

"त्यो शब्द पाळलासा व्हय," म्हणाली. मला झोंबलं. मी विचारलं, काय झालंय ते सांगशील का एकदा? पदराखालचा हात बाहेर काढून तिनं माझ्या गालाला लावला. थंडगार होता. "तुमास्नी सांगून काय उपेग, ताई? तुमी आयकता कुठं? बघता तेवढं."

मग म्हणाली की दोनचार दिवस खानापूरला मावशीकडे जाऊन येते, सोमवारच्या गाडीनं. मी म्हटलं, जा, जरा बदल होईल. कामावर निघाले तेव्हा टेंपो गेलेला होता.

बघता तेवढं. हे मनातून जात नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आक्का गेली.

मी दुपारी जेवायला घरी आले तर माधवीबाई पडवीत बसल्या होत्या, आनंदात. आक्का पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडली तर समोर पांढरा टेंपो उभा. त्यातून एक सभ्य माणूस उतरला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला. म्हणाला, मी तिचा नवरा, तुमी सांभाळलासा, उपकार झालं.

"आणि आक्का?" मी विचारलं.

"ओरडली नाही, रडली नाही. उभी होती. त्यानंच तिच्या हातातली पिशवी घेतली आणि करंगळी धरून तिला टेंपोत बसवलं. लहान मुलीला नेतात तसं. मला तर भरून आलं गं. जुळलं बाई एकदाचं."

"कुठल्या हाताची?"

"कशाची?"

"करंगळी, बाई. कुठल्या हाताची?"

"डाव्या," त्या म्हणाल्या. "का गं?"

पापडवाल्याचे शब्द आठवले. दारात बोट सापडलं की असंच बसतंय. दाराचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते आक्काला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ज्यानं दार लावलं त्याला.

तो माझ्या समोर उभा राहिला. स्वतःचं खरं नाव सांगितलं. त्याला लपवायची गरजच नव्हती. तिनं ते नाव कधी घेतलं नसणार हे तो ओळखून होता. पत्ता नाही दिला म्हणून मी स्वतःची पाठ थोपटली, आणि त्याला माझ्या स्कूटरच्या मागून इथपर्यंत आणलं.

समोरच्या कंपाऊंडच्या भिंतीवर आमचं एक पोस्टर आहे. मष्णूमामांनी लावलेलं नाही. ह्या गल्लीत आम्ही लावलंच नव्हतं. कुठूनतरी काढून आणलेलं, कोपरे फाटलेले. खाली तीच शाई. अजून ओली होती, माझ्या बोटांना लागली. साबणानं जात नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पोलीस ठाण्यात जाऊन आले. माधवीबाईही आल्या, रात्रभर त्या झोपल्या नाहीत. तिथल्या पोलीस बाई चांगल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं, कानडीत लिहूनही घेतलं. नवरा घेऊन गेला म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. नाव? मंगल. आडनाव? आम्हा दोघींनाही माहीत नाही. तीन वर्षं तिच्या हातचं खाल्लं. कागदपत्रं ती निपाणीतच टाकून आली होती. नवऱ्याचं नाव मात्र मी सांगू शकले.

"फोटो?" बाईंनी विचारलं.

मोबाईलमध्ये तिचे दोनशे फोटो आहेत. सगळे मनगटापर्यंत. मी एकामागून एक सरकवत गेले आणि त्या बघत गेल्या. शेवटी त्यांनी हळूच माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चेहरा, मॅडम. एक तरी."

मी शब्द पाळला होता तो एवढाच.

१२ फेब्रुवारी

अण्णा तिच्या गल्लीत जाऊन आले. खोलीला कुलूप. टेंपो नाही, गोव्याकडे गेला म्हणतात, हुबळीकडे गेला म्हणतात.

"गल्लीतल्या बायकांनी पयल्याच दिवशी हात वळखलं हुतं गं. त्यानं दारात घालून करंगळी मोडली तवा सगळी गल्ली आयकत हुती."

"मग कुणी बोललं का नाही?"

अण्णा म्हणाले, "मी बी इचारलं न्हवं तुला, हात कुणाचं म्हणून? तू हसलीस."

१६ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर रंगवत होते. मनगटावर तुळशीचं गोंदण परत काढलं. ठिपक्याला ठिपका, मूळ फोटो समोर ठेवून. भाजल्याचा डाग परत काढला. तो डाग विडीच्या टोकाएवढाच आहे आणि वाटोळा आहे, हे आधी पुसताना मी बघितलंच नव्हतं. पुसायची घाई होती. नखाची चीर, अंगठ्यावरचा तीळ, सगळं जिथल्या तिथे. आता हे हात फक्त तिचेच आहेत. पहिल्यांदाच.

वर लिहिलं: 'ह्या हातांना कुठे पाहिलंत?' खाली माझा नंबर, ठाण्याचा नंबर. सही नाही.

ओमकारला सांगितलं. ७ मार्चला सिनेमा लागतोय. "लोकास्नी वाटंल ह्ये आपल्याच जाहिरातीतलं हाय," म्हणाला. "हवा आणखीनच वाढंल." आणि स्वतःच्याच बोलण्यानं शरमला. पोस्टरं लावायला मष्णूमामांबरोबर तोही गेला. निपाणीच्या पलीकडे कागलपर्यंत, इकडे धारवाडपर्यंत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन सकाळपासून थांबत नाही. प्रत्येक वेळी पहिल्या रिंगलाच उचलते. निपाणीचा एक माणूस: पिक्चर कधी लागतंय? हुबळीहून: तिकिटं कुठं मिळतील? चिकोडीहून कॉलेजची पोरं: दुसरं पोस्टर पहिल्यापेक्षा भारी आहे, ते गोंदण म्हणजे क्लू आहे का? मी सांगते, अहो, खरी बाई आहे, खरी हरवली आहे. ती म्हणतात, व्हय व्हय, आणि हसतात. असंच तर मी त्यांना शिकवलं, महिनाभर, भिंतीभिंतीवरून.

ठाण्यातून अजून काही नाही. मागच्या खोलीत तिचं सूप खुंटीला आहे. मी वळायला सांगितलेल्या विड्या तशाच त्यात आहेत. माधवीबाई त्या टाकू देत नाहीत.

आत्ता संकेश्वरहून एका मुलीचा फोन आला, ऋतिका म्हणून. कोवळा आवाज, बारावीत असेल. मी तिला सगळं सांगायला लागले, अगदी पहिल्यापासून. तिनं नीट ऐकलं. मला वाटलं, हिला पटतंय. मग तिनं श्वास रोखून विचारलं, "ताई, ती शेवटी जिवंत सापडते का?"

मी तोंड उघडलं.

"नको नको, सांगू नका!" ती घाईघाईनं म्हणाली. "आम्ही सगळ्या मैत्रिणी बघायला येणार आहोत."